दुर्बीण रोखणे आणि लक्ष्य कॅमेऱ्याच्या चौकटीत बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीला कॅमेरा जोडल्यावर पहिल्या काही रात्री बहुतेकांना छळणारा प्रश्न फोटो कसा सुधारायचा हा नसतो. हवी ती वस्तू चौकटीत आणायची कशी, हा असतो. गच्चीवरून, गावाकडच्या शेतातून, आकाशदर्शनाच्या शिबिरांतून सतत येत राहणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नव्यांसाठी आहेत, पुढचे अडनिड्या प्रसंगांचे. जिथे आकडे स्थानावर अवलंबून आहेत तिथे पुणे (अक्षांश सुमारे १८.५ अंश) धरलं आहे. नागपूरकरांनी त्यात अडीच अंश मिळवावेत, कोल्हापूरकरांनी दोन अंश वजा करावेत.

१. माझ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत आकाशाचा किती भाग मावतो?

सेन्सरची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला दुर्बिणीच्या नाभीय अंतराने (फोकल लेंग्थने) भागा आणि ५७.३ ने गुणा. उत्तर अंशांत येतं. रुंदीसाठीही तेच.

कॅननच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटरचा असतो. ६०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर त्यात सुमारे २.१ × १.४ अंश आकाश मावतं, १००० मिलिमीटरच्या न्यूटोनियनवर सुमारे १.३ × ०.८५ अंश. चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे दोन्हीकडे आरामात बसतो. देवयानी दीर्घिका मात्र सुमारे ३ अंश लांब आहे. ती ६०० मिलिमीटरला तिरकी धरूनही पूर्ण येत नाही, ४०० मिलिमीटरला येते. हा हिशोब घरी करायचा, शेतात उभं राहून नव्हे. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुर्बीण आणि सेन्सरचे आकडे भरले की आकाशावर चौकट दिसते. बाहेर पडण्यापूर्वी ती एकदा पाहून घ्याच.

२. एक पिक्सेल म्हणजे आकाशातला किती तुकडा?

पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६, भागिले नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये. उत्तर विकलांत येतं (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). ४.३ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ६०० मिलिमीटरची दुर्बीण असेल तर एका पिक्सेलला सुमारे दीड विकला. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे ध्रुवजुळणी (दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवावर रोखणं) किती अचूक हवी (प्रश्न ५), चंद्र किती सरकेल (प्रश्न १७), प्लेट सॉल्व्हिंगला काय सांगायचं (प्रश्न ११), सगळीकडे तो लागतो.

३. शोधक दुर्बीण (मुख्य नळीवरची छोटी दुर्बीण) कधी जुळवायची? रात्री तारा सापडतच नाही.

दिवसाउजेडी. लांबची ठळक खूण निवडा: मोबाइल टॉवरचं टोक, डोंगरावरच्या देवळाचा कळस, पाण्याच्या टाकीची कड. आधी मुख्य दुर्बिणीत सर्वांत कमी वर्धनाच्या नेत्रिकेतून (आयपीसमधून) ती मध्यावर आणा, क्लच घट्ट करा, मग शोधकाचे स्क्रू फिरवून तीच खूण त्याच्या फुलीवर आणा. त्यानंतर जास्त वर्धनाची नेत्रिका लावून हेच पुन्हा करा.

खूण निदान एक किलोमीटर तरी लांब हवी. शोधक आणि मुख्य नळी यांच्यात पंधरा सेंटिमीटरचं अंतर असेल, तर शंभर मीटरवरच्या खुणेवर जुळवल्याने ताऱ्यांसाठी ५ कलांची चूक राहते. डीएसएलआरला ती खपून जाते, ग्रहांच्या छोट्या कॅमेऱ्याला नाही (प्रश्न ८ आणि ९). खूण सूर्याच्या दिशेला चुकूनही नको. सूर्याबद्दल प्रश्न १८ आधी वाचा आणि मगच दिवसा दुर्बिणीला हात लावा.

४. आमच्या इथून ध्रुवतारा दिसत नाही. समोर इमारत आहे (किंवा डोंगर). ध्रुवजुळणी कशी करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो आपल्या अक्षांशाचा प्रश्न आहे. ध्रुव आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो. पुण्या-मुंबईहून तो क्षितिजापासून १८ ते १९ अंशांवर असतो, म्हणजे सह्याद्रीच्या एखाद्या रांगेमागे, धुळीच्या थरात किंवा शेजारच्या सोसायटीमागे. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या माणसाने बनवलेल्या व्हिडिओत ध्रुवतारा ऐन माथ्याकडे झुकलेला असतो. त्या व्हिडिओंवर विसंबून निराश होऊ नका.

तीन मार्ग आहेत. पहिला ढोबळ: माउंट पाणसळीने समतल करा, अक्षांशाच्या पट्टीवर १८.५ लावा आणि होकायंत्राने उत्तर धरा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे त्याची दुरुस्ती विसरली तरी चालतं. मात्र होकायंत्र माउंटवर ठेवू नका. वजनांचं लोखंड आणि मोटारी सुईला खेचतात. दोन-तीन मीटर मागे उभं राहून रेषा धरा.

दुसरा मार्ग, ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांच्यासाठी: ‘निना’सारख्या सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची ध्रुवजुळणी. आकाशाच्या मोकळ्या भागात दुर्बीण विषुवांशात (पूर्व-पश्चिम) तीनदा फिरते, तीन फोटो घेते, आणि त्या फोटोंतल्या ताऱ्यांवरून माउंटचा अक्ष कुठे रोखलेला आहे हे काढते. ध्रुव दिसण्याची गरजच नाही. शार्पकॅप या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीला मात्र ध्रुवाजवळचा पट्टा दिसावा लागतो, म्हणून इमारतीमागे राहणाऱ्यांना ती उपयोगाची नाही.

तिसरा मार्ग जुना, आणि मला आजही सर्वांत आवडणारा: ड्रिफ्ट. त्यासाठी फुली असलेली नेत्रिका किंवा पडद्यावरची फुली एवढंच लागतं. याम्योत्तर वृत्ताजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ), खगोलीय विषुववृत्तापाशी असलेला तारा धरा आणि क्रांतीच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेने तो कुठे सरकतो ते पाहा. पूर्व-पश्चिम सरकणं सोडून द्या. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष फार पूर्वेला आहे, उत्तरेकडे सरकला तर फार पश्चिमेला. आडवा स्क्रू फिरवून ते थांबवा. मग पूर्व क्षितिजापासून वीस-तीस अंशांवरचा तारा घ्या. तो दक्षिणेकडे गेला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे गेला तर वर. उभा स्क्रू फिरवा. दोन फेऱ्यांत काम होतं, आणि आकाश कसं फिरतं हे डोळ्यांना कायमचं कळतं.

ध्रुवतारा दिसत असेल तर तो नेमका ध्रुवावर नाही, सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे, हे लक्षात ठेवा. तो मध्यावर धरून थांबू नका. ध्रुवशोधकातल्या वर्तुळावर त्या वेळेच्या जागी ठेवा.

५. ध्रुवजुळणी किती अचूक असली म्हणजे पुरे?

अक्ष १ कलेने चुकला असेल तर तारा जास्तीत जास्त मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. पाच कलांची चूक म्हणजे मिनिटाला सव्वा विकला, म्हणजे प्रश्न २ मधल्या दुर्बिणीत पिक्सेलभरही नाही. अर्ध्या अंशाची चूक असेल तर मिनिटाला आठ विकला, पाच पिक्सेल. एकेक मिनिटाचे फोटो घेणाऱ्याला पाच कला पुष्कळ झाल्या. उरलेला वेळ फोकसला द्या.

६. गो-टू (लक्ष्याकडे आपोआप जाणारी) दुर्बीण भलतीकडेच तोंड करते. बिघडली आहे का?

बहुतेक वेळा नाही. आधी हँड कंट्रोलरमध्ये काय भरलं आहे ते तपासा.

भारतीय प्रमाणवेळ +५:३० आहे. कुणी नुसतं +५ भरलं तर अर्ध्या तासाची चूक होते, आणि आकाश अर्ध्या तासात साडेसात अंश फिरतं. तारीख बऱ्याच कंट्रोलरांत महिना आधी, दिवस नंतर अशी मागतात. ५ मार्चऐवजी ३ मे भरला की दुर्बीण साठ अंश बाजूला जाते. ‘डेलाइट सेव्हिंग’ला नेहमी ‘नाही’ म्हणा, आपल्याकडे ते नाहीच. रेखांशात पूर्व-पश्चिम नीट पाहा. कारखान्यातून आलेल्या यंत्रात कधी कधी परदेशातलं शहर भरलेलं असतं.

हे सगळं बरोबर असूनही मोटार अडखळत असेल, मध्येच थांबत असेल किंवा भलत्या वेगाने पळत असेल, तर बॅटरी पाहा. उतरलेली १२ व्होल्टची बॅटरी माउंटला जितकं गोंधळवते तितकं दुसरं काहीच नाही. जाड वायर वापरा आणि सिगारेट लायटरचा सैल प्लग टाळा.

७. अलाइनमेंटसाठी (माउंटला ताऱ्यांवरून दिशा ओळखायला लावण्यासाठी) कोणते तारे निवडावेत?

ज्यांची ओळख तुम्हाला पक्की आहे ते. चुकीच्या ताऱ्यावर केलेलं अचूक अलाइनमेंट वाया जातं. हिवाळ्यात व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय आणि पुनर्वसूची जोडी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मघा, चित्रा, स्वाती. पावसाळ्यानंतर अभिजित, श्रवण. काक्षी आणि राजन्य, किंवा पुनर्वसूतले दोन तारे, यांची अदलाबदल नेहमी होते. तेवढी काळजी घ्या.

तारे एकमेकांच्या फार जवळ नकोत, क्षितिजालगत नकोत, ऐन डोक्यावर नकोत, ध्रुवाजवळ तर नकोतच. ज्या बाजूच्या आकाशात रात्रभर काम करायचं आहे, त्याच बाजूचे, म्हणजे याम्योत्तर वृत्ताच्या पूर्वेचे किंवा पश्चिमेचे, दोन तारे आधी घ्या.

शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करा. सेलेस्ट्रॉन आणि स्कायवॉचरच्या कंट्रोलरांत ती वर आणि उजवीकडे असते. गिअरच्या दातांमधली सैल जागा त्याने एका बाजूला भरली जाते. तारा फुलीच्या पलीकडे गेला तर उलट बटण दाबून थांबू नका. पुष्कळ मागे नेऊन पुन्हा त्याच दिशेने आणा.

८. नेत्रिकेत तारा अगदी मध्यावर असतो, कॅमेरा लावला की गायब. असं का?

यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली क्षेत्राची. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेनवर (नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर) २५ मिलिमीटरची नेत्रिका सुमारे ३७ कलांचं वर्तुळ दाखवते. त्याच दुर्बिणीवर ५.६ × ३.२ मिलिमीटरचा ग्रहांचा कॅमेरा लावला की उरतात साडेनऊ × साडेपाच कला. क्षेत्रफळाने हा विसावा भाग झाला. नेत्रिकेत ‘साधारण मध्यावर’ असलेला गुरू या चौकटीबाहेर सहज असू शकतो.

दुसरी गोष्ट यांत्रिक. नेत्रिकेच्या मागे कोनी आरसा असतो, तो किंचित तिरका असतो. कॅमेरा थेट लावताना आरसा निघतो आणि मध्यच बदलतो. कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसर वाकतो, आणि श्मिट-कॅसेग्रेनमध्ये फोकस फिरवताना मुख्य आरसा सरकतो. उपाय एकच आणि खात्रीचा: अलाइनमेंट आणि शोधकाची जुळणी दोन्ही कॅमेऱ्यावरच करा. एखादा ठळक तारा एकदा पडद्याच्या मध्यावर आणा आणि मग शोधक त्याच्यावर बसवा. त्या रात्रीपुरती नेत्रिका डब्यात राहू दे.

९. पडद्यावर काहीच दिसत नाही, नुसता काळा (किंवा करडा). कुठून सुरुवात करू?

आधी झाकण. मग फोकस. फोकस फार बिघडला असेल तर तारा इतका पसरतो की तो करड्या पार्श्वभूमीत विरून जातो, आणि माणूस तासभर दुर्बीण हलवत राहतो. वस्तू चौकटीतच असते. म्हणून चंद्र असेल तर चंद्रावर, नाही तर दिवसा लांबच्या टॉवरवर कॅमेऱ्याचा फोकस करा आणि फोकसरच्या नळीवर पेन्सिलने खूण करून ठेवा. काही न्यूटोनियन दुर्बिणींत डीएसएलआर फोकसवर येतच नाही, कारण सेन्सर पुरेसा आत जात नाही. तिथे बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) लावून पाहा.

फोकस ठीक असेल तर गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) पूर्ण वाढवा, एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर ठेवा आणि मोटारीच्या मध्यम वेगाने छोट्या आवर्तात शोधा: उजवीकडे एक चौकट, वर एक, डावीकडे दोन, खाली दोन, असं वाढवत. ठळक ग्रह जवळ असेल तर चौकटीच्या एका कडेला उजेड चढलेला दिसतो. त्या दिशेने जा. सापडल्यावर गेन लगेच उतरवा. बार्लो नेहमी नंतर लावा, आधी नाही.

१०. प्लेट सॉल्व्हिंग म्हणजे नक्की काय? ते असलं तर अलाइनमेंट लागत नाही म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. माउंट फक्त आपल्या मोटारी किती फिरल्या ते मोजतो. नळी कुठे पाहते आहे हे त्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोत ताऱ्यांची मांडणी असते, आणि आकाशाच्या प्रत्येक तुकड्यातली मांडणी बोटाच्या ठशासारखी वेगळी असते. सॉफ्टवेअर तारे शोधतं, त्यांच्यातल्या अंतरांची गुणोत्तरं काढतं आणि ताऱ्यांच्या तालिकेशी ताडून चौकटीच्या मध्याचे विषुवांश-क्रांती, पिक्सेलचं माप आणि चौकटीचा तिरपेपणा असं सगळं सांगतं. ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट हे काम चार-चार ताऱ्यांचे गट घेऊन करतं आणि दुर्बीण कुठे आहे याचा काहीही अंदाज नसला तरी चालवून घेतं. ॲस्टॅप संगणकावरच चालतं, इंटरनेट लागत नाही. वांगणी-कर्जतच्या पुढे जिथे रेंज जाते तिथे हे फार सोयीचं.

रोजचा क्रम असा: दुर्बिणीला लक्ष्याकडे पाठवा, चार-पाच सेकंदांचा फोटो घ्या, सोडवा, माउंटला ‘तू खरं तर इथे आहेस’ असं सांगा (सिंक), पुन्हा पाठवा. दोन-तीन फेऱ्यांत लक्ष्य मध्यापासून कलेच्या आत येतं. ध्रुवजुळणी मात्र तरीही हवी, कारण रोखणं वेगळं आणि रोखलेलं धरून ठेवणं वेगळं (प्रश्न ५). हल्लीच्या सीस्टारसारख्या स्मार्ट दुर्बिणी आतल्या आत हेच करतात.

एक सावधगिरी: काही माउंट प्रत्येक सिंक साठवून ठेवतात. आधीची तीन ताऱ्यांची जुळणी आणि वर एकमेकांना चिकटून केलेले डझनभर सिंक अशी खिचडी झाली की माउंट दूरच्या आकाशात वाटेल तिथे जातो. एकच पद्धत ठेवा आणि जुने बिंदू पुसा.

११. प्लेट सॉल्व्हिंग ‘फेल’ होतं. काय तपासू?

नाभीय अंतर. दहातल्या आठ जणांचं उत्तर तिथेच सापडतं. रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारं भिंग) लावला आणि आकडा बदलला नाही, किंवा २×२ बिनिंग (चार पिक्सेल मिळून एक) केलं आणि पिक्सेलचा आकार तोच राहिला. त्याखालोखाल फोकस, मग लांबट झालेले तारे, पातळ ढग आणि छोट्या चौकटीत ताऱ्यांचा दुष्काळ. शेवटच्या अडचणीत एक्स्पोजर दहा सेकंदांवर न्या. तालिकेची योग्य फाइल संगणकावर उतरवली आहे ना, हेही पाहा. हे सगळं करून जमलं नाही तर तोच फोटो अंदाज न देता ‘ब्लाइंड’ सोडवायला द्या. सुटला तर पिक्सेलचं खरं माप हातात येतं आणि चूक कुठे होती ते कळतं.

१२. सॉल्व्हिंग जमतं, पण लक्ष्य दर वेळी तितकंच बाजूला राहतं.

दर वेळी तितकंच आणि त्याच दिशेला असेल, तर संशय वर्षावर घ्या. तालिकांतले विषुवांश-क्रांती सन २००० च्या चौकटीत दिलेले असतात. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे (भोवऱ्यासारख्या डोलण्यामुळे) हे आकडे वर्षाला सुमारे ५० विकलांपर्यंत सरकतात. पंचवीस वर्षांत हे २० कलांच्या पुढे जातं. सॉफ्टवेअर २००० चे आकडे पाठवत असेल आणि माउंट त्यांना आजचे समजत असेल, तर लक्ष्य चंद्रबिंबाच्या दोन-तृतीयांश एवढं हुकू शकतं. डीएसएलआरच्या चौकटीत ते कडेला दिसेल, ग्रहांच्या कॅमेऱ्यात दिसणारच नाही. माउंटच्या ड्रायव्हरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच पर्याय निवडा.

१३. माझ्या फोटोत उत्तर कुठे आहे हे कसं ओळखू?

ट्रॅकिंग बंद करा. तारे ज्या कडेकडे सरकू लागतात ती पश्चिम. मग ट्रॅकिंग चालू करून दुर्बीण उत्तरेकडे किंचित ढकला. ज्या कडेने नवे तारे आत येतात ती उत्तर. कोनी आरसा वाटेत असेल तर चित्र आरशातलं असतं आणि पूर्व-पश्चिम उलटतात.

कॅमेरा फोकसरमध्ये फिरवून चौकटीची लांब बाजू पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण ठेवायची सवय लावा आणि त्या जागी फोकसरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. पुढच्या महिन्यात त्याच तेजोमेघावर परत यायचं असेल तर हाच ठिपका वाचवतो. कॅमेरा फिरवल्यावर फोकस पुन्हा तपासा. फ्लॅटही (एकसारख्या उजेडाचे दुरुस्तीचे फोटो) नव्याने घ्यावे लागतात.

१४. लक्ष्य नेहमी चौकटीच्या मध्यावरच ठेवावं का?

नाही. चौकटीत काय काय यायला हवं, त्यावरून जागा ठरवा. मृगातला मोठा तेजोमेघ, एम ४२, मध्यावर ठेवला तर त्याच्या उत्तरेचा निळसर तेजोमेघ अनेकदा कडेला कापला जातो. दोन्ही मिळून मध्य धरा. अश्वमुख तेजोमेघाजवळ मृगाच्या पट्ट्यातला सर्वांत पूर्वेचा ठळक तारा असतो. तो चौकटीच्या ऐन कडेबाहेर ठेवला तर त्याचे कवडसे आत येतात. पूर्ण आत घ्या किंवा चांगला दूर ठेवा. धूमकेतूचं डोकं सूर्याकडच्या बाजूला ठेवा म्हणजे शेपटीला जागा राहते.

उलट दिशेचाही विचार करा. स्वस्त न्यूटोनियनमध्ये कडेचे तारे शेपटीसारखे ओढले जातात. तिथे छोटा गोलाकार तारकागुच्छ मध्यावरच शोभतो.

१५. वस्तू डोक्यावर आली की माउंट अडतो, किंवा वजनाचा दांडा ट्रायपॉडला लागतो.

जर्मन पद्धतीच्या माउंटला याम्योत्तर वृत्त ओलांडल्यावर नळी दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते (मेरिडियन फ्लिप). चित्र त्यानंतर १८० अंशांत फिरतं. ते बिघडलेलं नाही, फोटो एकावर एक जोडताना सॉफ्टवेअर सरळ करतं. फ्लिपनंतर पुन्हा सॉल्व्ह करून मध्य जुळवा. नळी आणि अक्ष अगदी काटकोनात नसतात, त्यामुळे थोडं सरकणं ठरलेलंच.

आपल्याकडे यात भर पडते ती कमी अक्षांशाची. अक्ष १८ अंशांवर जवळजवळ आडवा झोपतो आणि वजनाचा दांडा उत्तरेच्या पायाजवळ जवळजवळ सरळ खाली लोंबतो. वजन दांड्यावर वर सरकवा, गरज पडल्यास एक वजन जास्त लावा, किंवा ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये उंचीचा तुकडा घाला. कृत्तिका पुण्याहून खस्वस्तिकाच्या (ऐन डोक्यावरच्या बिंदूच्या) साडेपाच अंश उत्तरेने जातात. लांब नळी आणि मागे लोंबणारा कॅमेरा ट्रायपॉडच्या पायाला लागण्याचा धोका तिथेच सर्वांत जास्त. उजेडात एकदा क्लच सैल करून नळी हाताने त्या जागी फिरवून पाहा.

१६. माझी दुर्बीण वर-खाली आणि आडवी फिरणारी आहे. लक्ष्य मध्यावर राहतं, पण कडेचे तारे गोल फिरल्यासारखे दिसतात.

हे क्षेत्रभ्रमण. मध्य धरला जातो, चौकट फिरते. पुण्याहून दक्षिणेकडे ६० अंश उंचीवर हा वेग मिनिटाला जवळजवळ अर्धा अंश असतो. तीस सेकंदांत पाव अंश, म्हणजे १८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात कोपऱ्यातला तारा १३ पिक्सेल हलतो. डोक्याजवळ वेग भराभर वाढतो, ऐन पूर्वेला आणि ऐन पश्चिमेला तो शून्य असतो. म्हणून अशा दुर्बिणीने मध्यम उंचीवरची पूर्वेची किंवा पश्चिमेची लक्ष्यं निवडा, एक्स्पोजर दहा-पंधरा सेकंदांचं ठेवा आणि कडा कापायची तयारी ठेवून चौकट थोडी मोकळी घ्या.

१७. चंद्र आणि धूमकेतू चौकटीतून सरकत का जातात?

कारण ते ताऱ्यांच्या वेगाने चालत नाहीत. चंद्र ताऱ्यांमधून मिनिटाला सुमारे ३३ विकला पूर्वेकडे जातो. दीड विकलेच्या पिक्सेलवर हे २२ पिक्सेल झाले. कंट्रोलरमध्ये चंद्राचा वेग वेगळा असतो, तो निवडा. धूमकेतूचा वेग दर रात्री बदलतो. त्याची कक्षा सॉफ्टवेअरमध्ये त्याच दिवशी अद्ययावत करा, छोटी एक्स्पोजर घ्या, आणि जोडताना एकदा ताऱ्यांवर व एकदा डोक्यावर जुळवा. प्लेट सॉल्व्हिंग इथेही चालतं, फक्त ते ताऱ्यांची जागा सांगतं. धूमकेतू त्यांच्यामध्ये कुठे आहे हे कक्षेवरूनच कळतं.

१८. सूर्यावर दुर्बीण कशी रोखायची?

नळीच्या पुढच्या तोंडाला खास सौर गाळणी घट्ट बसवल्याशिवाय रोखायचीच नाही. शोधक दुर्बीण काढून ठेवा, नुसतं झाकण लावण्यापेक्षा काढणं बरं. नेत्रिकेच्या बाजूला लागणाऱ्या काळ्या काचा फेकून द्या, त्या उष्णतेने तडकतात. रोखताना सूर्याकडे पाहायचं नाही, नळीच्या सावलीकडे पाहायचं. जमिनीवरची सावली सर्वांत लहान आणि गोल झाली की सूर्य चौकटीत किंवा अगदी जवळ असतो. लहान मुलं आसपास असतील तर दुर्बीण क्षणभरही एकटी सोडू नका.

१९. ओमेगा सेंटॉरी पुण्याहून घेता येतो का? दुर्बीण तिथे नीट जात नाही.

येतो, आणि जरूर घ्या. उत्तर युरोपातून तो दिसतच नाही. नरतुरंगातला हा गोलाकार तारकागुच्छ पुण्याहून जास्तीत जास्त २४ अंश वर येतो, नागपूरहून २१, कोल्हापूरहून जवळजवळ २६. एप्रिल-मे महिन्यांत रात्री तो दक्षिणेला याम्योत्तर वृत्तावर असतो. एवढ्या खाली वातावरण वस्तूला दोन कलांहून थोडं जास्त उचलून दाखवतं, शिवाय उत्तरेच्या ताऱ्यांवर केलेली जुळणी इथे कमी पडते. चित्रावर पुन्हा सिंक करून मग खाली उतरा. कंट्रोलरमध्ये क्षितिजाची मर्यादा ३० अंश ठेवलेली असेल तर दुर्बीण जायलाच नकार देते. ती १५ वर आणा.

२०. फोटोंच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम हलवतात ते कशासाठी? एवढ्या कष्टाने जुळवलेलं बिघडत नाही का?

त्याला डिदरिंग म्हणतात. दर एक-दोन फोटोंनंतर चौकट काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवतात. सेन्सरवरचे गरम पिक्सेल जागच्या जागी राहतात, तारे सरकतात, आणि जोडताना दोष गळून पडतो. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात शीतकरण नसलेल्या डीएसएलआरला याची फार गरज आहे. सरकणं कुठल्याही एका दिशेने नसावं, यादृच्छिक असावं.

२१. मोठ्या वेधशाळा हे कसं करतात? त्यांनाही चौकटीची एवढी चिंता असते का?

आपल्याहून जास्त, कारण त्यांची चौकट आपल्याहून लहान असते. पुणे-नाशिक रस्त्याजवळ गिरवली इथे आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्यावरच्या आयफॉस्क उपकरणाचं क्षेत्र सुमारे साडेदहा कला आहे. एकच उपकरण कॅमेराही आहे आणि वर्णपटमापकही. अशा उपकरणात आधी साधा फोटो घेऊन लक्ष्य ओळखतात, मग ते अरुंद फटीच्या जागी आणतात आणि शेवटी फट व जाली (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी) प्रकाशाच्या वाटेत सरकवतात. प्रश्न १० मधला ‘फोटो घ्या, ओळखा, दुरुस्त करा’ हाच क्रम.

हबल दुर्बिणीवर २००९ मध्ये बसवलेल्या वाइड फील्ड कॅमेरा ३ चं दृश्य प्रकाशातलं क्षेत्र १६२ विकला आहे, म्हणजे तीन कलाही नाही. त्यात दोन चिपा शेजारी-शेजारी असून मध्ये बारीक फट आहे. लक्ष्य ऐन मध्यावर ठेवलं तर ते फटीतच जाईल, म्हणून ते एका चिपेवर सरकवतात, आणि फट भरायला प्रश्न २० मधलं डिदरिंग करतात. अंधूक आणि लहान वस्तू असेल तर ती चिपेच्या त्या कोपऱ्याजवळ ठेवतात जिथून विद्युतभार वाचला जातो. अंतराळातल्या किरणांनी चिप वर्षानुवर्षं खराब होत जाते, आणि भार जितका लांब वाहून न्यावा लागतो तितका वाटेत सांडतो.

२२. एकाच तेजोमेघावर अनेक रात्री काम करायचं आहे. प्रत्येक रात्री तीच चौकट कशी मिळवू?

पहिल्या रात्रीचा एक चांगला फोटो जपून ठेवा आणि दुसऱ्या रात्री सॉफ्टवेअरला तोच लक्ष्य म्हणून द्या. ते त्या फोटोतून मध्य आणि तिरपेपणा दोन्ही काढून घेतं. मध्य माउंट जुळवेल, तिरपेपणा तुम्हाला हाताने जुळवावा लागेल: कॅमेरा थोडा फिरवा, फोटो घ्या, सोडवा, कोन पाहा. एक अंशाच्या आत आला की पुरे. मेरिडियन फ्लिपच्या दुसऱ्या बाजूला असाल तर कोनात १८० चा फरक दिसेल, तो दुरुस्त करायला जाऊ नका. कॅमेरा काढून घरी नेत असाल तर प्रश्न १३ मधला पांढरा ठिपका पाहून लावा, आणि पहिल्याच रात्री चौकट सर्व बाजूंनी थोडी मोकळी ठेवा. जोडल्यावर कडांचा दहावा हिस्सा तरी कापला जातोच.